इसार दिलाय, खरेदी बाकी आहे आणि घरात नुकसान दिसलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वकील नाही, इंजिनीअर पण नाही. २०२४ च्या मे महिन्यात कोल्हापुरात नागाळा पार्कच्या बाजूला एक जुना बंगला ठरवला, ६२ लाखाला, ५ लाख इसार दिला आणि खरेदीपत्र ऑगस्टमध्ये करायचं ठरलं. मधे जुलै आला. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाची धोका पातळी ओलांडली, सगळं गाव पाणी बघायला पुलावर, आणि मी आपला घर बघायला गेलो तर मागची कंपाऊंडची भिंत आडवी झालेली, वरच्या खोलीत स्लॅब टपटप गळतोय आणि हॉलमधला नवाकोरा रंग फुगून पापुद्रे सुटलेत. त्या पापुद्र्याखाली कमरेएवढ्या उंचीवर एक तपकिरी सरळ रेघ. ज्यानं पूर बघितलाय त्याला ती रेघ काय असते हे सांगायला नको. मालक तर म्हणाले होते इथं पाणी कधी आलंच नाही.

तेव्हापासून पाहुणे, मित्र, मित्रांचे मित्र फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं टाईप करून ठेवलंय. तुमच्या कागदाला काय लागू पडतं हे तुमच्या वकिलाला विचाराच.

इसार दिल्यानंतर घराचं नुकसान झालं तर ते कुणाच्या अंगावर? माझ्या का मालकाच्या?

मालकाच्या. कागदात वेगळं काही लिहिलं नसेल तर.

आपल्याकडं लोकांना वाटतं की इसार दिला म्हणजे घर आपलं झालं. तसं नसतंय. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याचं कलम ५४ सरळ सांगतं की नुसत्या विक्रीच्या करारानं, म्हणजे आपलं साठेखत, इसारपत्र, संचकारपत्र जे काय म्हणता ते, त्यानं मालकी हक्क तयार होत नाही. मालकी बदलते ती रजिस्टर खरेदीपत्रानं. आणि कलम ५५ मध्ये असं आहे की मालकी तुमच्याकडं आल्यानंतर जे नुकसान होईल ते तुम्ही सोसायचं, म्हणजे तोपर्यंतचं त्यांचं. शिवाय करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत शहाणा माणूस स्वतःच्या घराची जेवढी काळजी घेतो तेवढी मालकानं घ्यायची आहे हे पण त्याच कलमात आहे. म्हणजे पावसाळ्यात गच्चीचा पाईप तुंबला आणि पाणी साठून स्लॅब गळला तर "आता तुमचंच घर की हो, तुम्हीच बघा" असं म्हणता येत नाही त्यांना.

आणि खरेदी झाल्यावर दिसलं तर?

तर मग अवघड. सही झाली, पैसे गेले, आता तुम्ही भांडणार कोर्टात आणि ते बसणार निवांत. म्हणून तर हे सगळं लिहितोय. खरेदीच्या आधी तुमच्या हातात उरलेली रक्कम असते, माझ्या बाबतीत ५७ लाख होते, तेवढा जोर असलेलं दुसरं काहीच तुमच्याकडं नसतं, ना नोटीस ना वकील.

नुकसान दिसलं. पहिल्या दिवशी काय करू?

पहिलं म्हणजे तोंडानं भांडायला जाऊ नका. मी गेलो होतो, अर्धा तास आवाज चढवून झाला, शेजारचे गॅलरीत आले, निष्पन्न काय तर मालकांचा जावई मधे पडला आणि पुढचे चार दिवस कुणी फोनच उचलेना.

फोटो काढा, व्हिडिओ काढा, आणि व्हिडिओ काढताना गेटपासून सुरू करा म्हणजे घर कुठलं ते दिसतं, मग चालत आत, कुठली खोली ते बोलत बोलत. भेगेचा फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा एखादं नाणं ठेवा, नाहीतर नंतर फोटोत केसाएवढी भेग आणि बोटाएवढी भेग सारखीच दिसते. फोनमधनं मूळ फोटो डिलीट करू नका, व्हॉट्सअपवर पाठवलेल्या कॉपीवर भिस्त ठेवू नका, कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणं त्याला सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि तेव्हा मूळ फोन, मूळ फाईल विचारतात.

मग त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा. मेसेज पण चालतो सुरुवातीला, साधा, शिव्या न घालता: आज अमुक तारखेला घर बघितलं, हे हे दिसलं, इंजिनीअर आणून तपासणी करायची आहे, कधी येऊ? बस. एजंटला सांगितलं म्हणजे मालकाला सांगितलं असं धरू नका, एजंट दोन्हीकडनं टक्का घेतो आणि व्यवहार मोडला तर त्याचं दोन्हीकडचं जातंय, तो तुमचा निरोप जसाच्या तसा कशाला पोचवेल. दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर वकिलाकडनं पत्र. हे पूर्वी रजिस्टर पोस्टानं पाठवायचे, १ सप्टेंबर २०२५ पासून ती सेवा स्पीड पोस्टात मिसळलीय, तेव्हा स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा.

आणि खरेदीची तारीख जवळ असेल तर त्या पत्रातच लिहा की मी खरेदी करायला तयार आहे, पैसे तयार आहेत, फक्त ह्या नुकसानाचा निकाल लावा. हे वाक्य महत्त्वाचं आहे. उद्या "ह्यांच्याकडं पैसेच नव्हते म्हणून खोट काढली" असं समोरून आलं तर तुम्ही तयार होता हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

हे नुकसान आत्ताचं का जुनंच झाकलेलं, कसं ओळखायचं?

ह्यावर मी बोलत बसलो तर रात्र होईल.

पुराचं पाणी भिंतीवर सरळ आडवी रेघ सोडून जातं. गळतीचा डाग वरनं खाली येतो आणि वेडावाकडा असतो, जमिनीतनं चढणारी ओल खालनं वर येते आणि तिची वरची कड लाटेसारखी असते, वर पांढरी क्षारांची बुरशीसारखी भुकटी धरते. पुराची रेघ मात्र सगळ्या खोल्यांत एकाच उंचीवर. माझ्या घरात हॉलमध्ये दिसली तीच उंची मी जिन्याखालच्या खोलीत टेपनं मोजून बघितली, तिथं रंग जुनाच होता आणि रेघ तिथंच होती. दाराच्या चौकटी बघा, खालून फुगलेल्या आहेत का आणि सनमायका सुटलाय का. स्विचबोर्ड बघा, जुन्या घरात बाकी सगळीकडं बोर्ड कमरेएवढे आणि एका मजल्यावर मात्र सगळे उचलून छातीच्या वर नेलेले असतील तर का नेले हे विचारा की! मीटर नवीन आहे का, कुठल्या साली बदललाय, हे लाईट बिलावरनं आणि महावितरणच्या ऑफिसात कळतं.

शेजाऱ्यांना विचारणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये, दोन्ही वेळी पंचगंगा ५५ फुटाच्या वर गेली होती, शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, रमणमळा ह्या भागात पाणी होतं, आणि कुठल्या घरात कितव्या पायरीपर्यंत आलं हे गल्लीतली म्हातारी माणसं पायरी दाखवून सांगतात, वर २००५ ला कुठवर होतं तेपण. पुरानंतर पंचनामे झालेले असतात, मदत मिळालेली असते, तेव्हा मालकाला विचारा पंचनाम्यात ह्या घराचं नाव होतं का. आणि पूररेषेचा नकाशा बघा, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत घर असेल तर दुरुस्तीचं सोडा, पुढं वाढवायला परवानगी मिळतेय का तेच आधी विचारा.

भेगांचं थोडं वेगळं. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतात त्यांना घाबरायचं कारण नाही. कॉलम आणि विटेची भिंत जिथं जुळते तिथं उभी सरळ भेग पण बऱ्याचदा येतेच, दोन वेगळ्या वस्तू उन्हात वेगवेगळ्या फुगतात म्हणून. पण खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी निघालेली, किंवा विटांच्या सांध्यातनं जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भेग म्हणजे पाया कुठंतरी खचतोय अशी शंका घ्यायची, काळ्या मातीत तर हमखास, पावसात ती माती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेगेच्या आत बघा, धूळ, रंग, जाळं असेल तर जुनी, आतनं स्वच्छ असेल तर ताजी. स्लॅबच्या खालनं गंजाचे लाल डाग किंवा सिमेंटचे पोपडे निघून सळई दिसत असेल तर ते एका पावसाचं काम नाही, वर्षानुवर्षांचं आहे.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर फक्त एकाच खोलीला नवा रंग दिलेला असेल तर समजून जा भावा.

मालकानं हे सांगितलंच नव्हतं. ही फसवणूक नाही का?

असू शकते. त्याच कलम ५५ मध्ये आहे की मालमत्तेतला मोठा दोष, जो मालकाला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊन बघितलं तरी तुम्हाला दिसला नसता, तो मालकानं सांगायलाच पाहिजे, आणि नाही सांगितला तर ते कपट समजलं जातं. आता ह्यात खोच कुठं आहे बघा, "साधी काळजी घेऊन दिसला नसता". तुटलेली फरशी, उघडी सळई, सरळ डोळ्यासमोर असलेली भेग, हे तुम्ही इसार द्यायच्या आधी बघितलं असणारच असं धरतात. रंगाखाली झाकलेली पुराची रेघ, पीओपीच्या सीलिंगवर लपलेली गळती, कपाटामागची वाळवी, हे वेगळं.

पोलिसात जाऊ का असं बरेच जण विचारतात. जा, अर्ज द्या, पण "ही दिवाणी बाब आहे" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवून जा.

मालक म्हणतोय "आहे तसं घेतो असं ठरलंय, कागदात लिहिलंय".

कागद काढा आणि वाचा, खरंच. कलम ५५ चे हे नियम कागदात उलट काही ठरलं नसेल तरच लागू होतात. "घर आहे त्या स्थितीत" असं वाक्य बहुतेक इसारपत्रांत स्टॅम्पवेंडरच्या छापील मसुद्यातनंच येतं, दोघांनीही वाचलेलं नसतं. ते वाक्य असलं तरी ते इसाराच्या दिवशीच्या स्थितीबद्दल बोलतंय, नंतर पडलेल्या भिंतीबद्दल नाही, असं म्हणायला जागा राहते, आणि जाणूनबुजून लपवलेल्या दोषाला त्या वाक्याची ढाल सहज मिळत नाही. पण वाद होतोच. अजून इसार द्यायचा असेल तर आत्ताच दोन ओळी घालून घ्या: खरेदीपर्यंत घराला काही झालं तर जबाबदारी लिहून देणाराची म्हणजे मालकाची, आणि खरेदीच्या आधी लिहून घेणार म्हणजे तुम्ही पुन्हा एकदा पाहणी करणार. ५०० च्या स्टॅम्पवर दोन ओळी जास्त लिहिल्या म्हणून स्टॅम्प संपत नाही.

इंजिनीअर आणायलाच पाहिजे का? गवंडी चालत नाही का?

गवंडी चांगला असेल तर खर्च बरोबर सांगतो, पण त्याच्या तोंडच्या आकड्याला बँक, वकील, मालक कुणीच विचारत नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरकडनं सही-शिक्क्याचा रिपोर्ट घ्या, त्यात काय खराब आहे, कशामुळं, अंदाजे कधीपासूनचं आणि दुरुस्तीला किती, ह्या चारही गोष्टी लिहून मागा. काँक्रीटची शंका असेल तर तो रिबाउंड हॅमर किंवा अल्ट्रासोनिक टेस्ट (काँक्रीट न फोडता त्याचा कस बघायची) सांगेल, साधी ओल असेल तर काही लागत नाही. मालकाच्या ओळखीचा नको, एजंटच्या ओळखीचा तर नकोच. मी ६ हजार दिले होते, त्यानं अंदाज काढला ३ लाख ४० हजारांचा, म्हणजे ते ६ हजार कुठं लागले ते तुम्हीच बघा.

दुरुस्ती करून मागायची का किंमत कमी करून घ्यायची?

माझं मत किंमत कमी. कारण घर विकून निघालेला माणूस दुरुस्ती कशी करणार? सगळ्यात स्वस्त वॉटरप्रूफिंग, वर एक हात रंग, खरेदीच्या दिवशी चकाचक, पुढच्या जूनमध्ये परत तेच आणि तोपर्यंत घर तुमच्या नावावर. आणि पावसाळ्यात केलेलं गच्चीचं काम तसंही बसत नाही, स्लॅब पूर्ण वाळल्याशिवाय त्यावर काही मारलं तर ओल आत कोंडून बसते.

पण काही कामं मालकाकडनंच करून घेतलेली बरी. ज्याला शेजाऱ्याची संमती लागते असं सगळं, म्हणजे सामाईक भिंत, ड्रेनेज लाईन शेजारच्या जागेतनं जात असेल ती, कारण वीस वर्षं एकत्र राहिलेल्या माणसाला शेजारी हो म्हणतो, नव्या माणसाला आधी नकाशा मागतो. माझी कंपाऊंडची भिंत मालकांनीच उभी केली, शेजाऱ्याबरोबर चहा घेऊन एका संध्याकाळी हद्द ठरली, मला त्याच कामाला मोजणी आणावी लागली असती. बाकीच्या कामाचे मी ३ लाख ४० मागितले, ते ५० हजार म्हणाले, घासाघीस होत होत २ लाख २५ हजारांवर मिटलं. कमी मिळाले का? मिळाले. पण तिसऱ्या बैठकीला माझ्या बायकोनं विचारलं, तुम्हाला घर पाहिजे का जिंकायला पाहिजे.

घासाघीस करताना एक, रिपोर्ट समोर ठेवा आणि गप्प बसा. आकडा इंजिनीअरचा आहे, तुमचा नाही. आपला कोल्हापुरी माणूस आवाजाला आवाजानं उत्तर देतो, कागदाला काय देणार.

किंमत कमी केली तर स्टॅम्प ड्युटी पण कमी होते का?

नाही होत बहुतेक वेळा. ड्युटी ठरते ती व्यवहाराची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य, म्हणजे रेडीरेकनरची, ह्यातली जी जास्त असेल तिच्यावर. भिंत फुटलीय म्हणून रेकनर कमी होत नसतो. उलट एक गोष्ट सांभाळा, रेकनरची किंमत नवीन किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर राहिली तर मधला फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर इन्कम टॅक्स लागू शकतो. तेव्हा मोठी सूट मिळत असेल तर आधी सीएला एक फोन.

मग लोक शहाणपणा करतात, कागदावर जुनीच किंमत आणि सूट रोखीत परत. करू नका. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावरची रोख चालत नाही, जेवढी रोख तेवढाच दंड बसू शकतो. आणि व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो, किंमत बदलली तर तो पण नव्या किमतीवर बघा. बदललेली किंमत का बदलली हे पुरवणी करार करून लिहा, साठेखत रजिस्टर असेल तर हा पण रजिस्टर.

सगळी किंमत कमी न करता थोडी रक्कम रोखून ठेवता येते का?

येते. गळती आहे पण पाऊस गेल्याशिवाय खरी किती ते कळत नाही अशा वेळी हाच मार्ग बरा. किती रक्कम, कुठल्या कामासाठी, कुठल्या तारखेपर्यंत, काम नाही झालं तर त्या पैशाचं काय, हे सगळं कागदावर. नुसतं "दोन लाख दिवाळीला देतो" असं तोंडी ठेवलं तर मालकाच्या बाजूनं बघा, किंमत पूर्ण मिळालेली नाही म्हणून त्यांचा त्या घरावर बोजा, म्हणजे तेवढ्या रकमेचा हक्क, राहतो, तो पण कायद्यानंच, आणि खरेदीपत्रात पूर्ण पैसे पोचले लिहून रक्कम रोखली तर भांडणाला दोन्हीकडनं दार उघडं. लोन असेल तर बँक तिचा डीडी पूर्ण देणार, रोखायची रक्कम तुमच्या स्वतःच्या हिश्श्यातनं ठेवा.

बँकेला सांगू का? लोन अडकलं तर?

सांगा. अडकेल थोडं, पण बँकेचा व्हॅल्युएशनवाला पावसाच्या आधी येऊन गेलेला असतो, घर जुलैत पडलेलं असतं, आणि घरावर बोजा बँकेचा असला तरी हप्ता तुमचा असतो. मी सांगितलं तर त्यांनी परत माणूस पाठवला, बारा दिवस गेले. त्याच बारा दिवसांत मालक नरमले, बँकेचं पण पत्र आलंय म्हटल्यावर.

घराचा विमा आहे म्हणतात मालक. मला मिळेल का?

मालकाचा विमा मालकाला. नुकसान झालं तेव्हा घर त्यांचं होतं, तर दावा त्यांनी करायचा आणि वेळेत करायचा, म्हणून नुकसान दिसल्या दिसल्या त्यांना विचारा पॉलिसी आहे का. असली तर तुमची अर्धी डोकेदुखी जाते, ते भरपाईतनं दुरुस्ती करतील किंवा किंमत कमी करायला हात सैल होईल. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी घराची पॉलिसी द्यावी लागते, त्यात पूर, वादळ, आग, वीज, जमीन खचणं हे येतं. वाळवी, जुनाट गळती, झीज हे येत नाही. तुमची स्वतःची पॉलिसी खरेदीच्या दिवसापासून सुरू होईल अशी घ्या, आधीपासून असलेली भेग नंतर दाखवून काही मिळत नसतं.

फ्लॅट असेल तर?

गच्चीची गळती आणि बाहेरच्या भिंती सोसायटीच्या, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधनं येणारी वरच्याची. मालक तुम्हाला म्हणेल सोसायटी करणार आहे, तर सेक्रेटरीकडं जाऊन ठरावाचं पुस्तक बघा, आणि दुरुस्तीची वर्गणी ठरलेली असेल तर ती कुणी भरायची ते लिहून घ्या. बिल्डिंग १५ वर्षांच्या वर असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट मागा, सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नियमावलीत, १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वर दर ३ वर्षांनी ते करायचं असतं. झालेलं नसतंच, पण मागितल्यावर चेहरे बघण्यासारखे होतात.

नवा फ्लॅट बिल्डरकडनं घेताय आणि प्रोजेक्ट रेरात (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदलेला आहे तर वेगळं आहे, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दिसला तर कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा. तरी ताब्याच्या पावतीवर "सर्व काही समाधानकारक" असं छापलेलं असतं त्यावर सही करताना खाली हातानं दोषांची यादी लिहा आणि मग सही.

शिवाजी पेठेतलं जुनं मातीच्या भिंतीचं घर घेतोय, त्यात काय बघू?

तुळया. टाचणी किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरतं तिथं टोचून बघा, वाळवी आणि ओल दोन्ही तिथनंच खातात, मधे तुळई ठणठणीत दिसते. पांढऱ्या मातीच्या भिंतीला बाहेरनं सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर ओल आत अडकून भिंत आतनं पोकळ होते, बुक्कीनं वाजवा, आवाज कळतो. दोन घरांची एकच भिंत असेल आणि शेजाऱ्यानं त्याचं पाडून आरसीसी काढलं असेल तर ह्या घराची भिंत उघडी पडलीय का, तिला आधार आहे का, ते बघा. आणि नुकसान एवढं असेल की पाडूनच बांधायचं आहे, तर मग भिंतीची किंमतच करू नका, जागेची करा, प्रॉपर्टी कार्डावर क्षेत्र किती आणि रस्त्यात किती जातंय त्याची.

विकणारे आमचे पाहुणेच आहेत. लेखी कसं मागू?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आणि मला तो सगळ्यात जास्त वेळा विचारलाय. आत्याच्या दिरांचं घर, आता त्यांना नोटीस कशी पाठवायची! नका पाठवू. "बँकेला लागतंय मामा" म्हणा. बँकेच्या नावावर आजपर्यंत कुणी रुसलेलं नाही. रिपोर्ट बँकेला लागतोय, पुरवणी कागद बँकेला लागतोय, पाहणी बँकेची आहे. लोन नसलं तर वकिलाच्या नावावर घाला.

मला आता हे घर नकोच. इसार परत मिळतो का?

कुणामुळं मोडतंय त्यावर आहे. घर राहण्यासारखं उरलं नाही, किंवा मोठा दोष लपवला होता, किंवा मालक काहीच करायला तयार नाही, तर इसार परत मागायचा तुमचा हक्क आहे, आणि दिलेल्या रकमेपुरता त्या घरावर तुमचा बोजा पण असतो, म्हणजे ते घर तिसऱ्याला विकायला निघाले तर तुम्ही जाहीर नोटीस देऊन हरकत घेऊ शकता. पण दोन फरशा फुटल्या म्हणून, किंवा दुसरीकडं स्वस्त मिळतंय म्हणून माघार घेतली तर इसार जप्त होऊ शकतो.

घर पाहिजेच आहे आणि मालक हटून बसलाय, तर करार पूर्ण करून मिळावा म्हणून दिवाणी दावा करता येतो, मुदत ३ वर्षांची, खरेदीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून. ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, चाळीस वर्षांहून जास्त लढून मिळालं, आनंद आहेच, पण तुमचा दावा सुरू होणार खालच्या कोर्टात आणि तिथल्या तारखा तशाच आहेत. माझ्या वकिलानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दावा जिंकाल पण तोवर पोरगी कॉलेजला जाईल. पोरगी तेव्हा चौथीत होती.

खरेदीच्या दिवशी काय बघायचं?

करवीरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन सकाळचं असेल तर आदल्या संध्याकाळी, दुपारचं असेल तर त्याच सकाळी घरात जा. सगळे नळ सोडा, सगळे फ्लश ओढा, मोटर चालू करून वरची टाकी भरते का बघा, मेन स्विच पाडून परत चढवा. पंखे, गीझर, मोटर, इन्व्हर्टर, जे जे राहणार ठरलंय ते यादीप्रमाणं मोजा, सामान हलवताना कपाटामागची भिंत पहिल्यांदा उघडी पडते ती बघा, स्विचबोर्डाच्या जागी नुसत्या वायरी लोंबकळताना मी दुसऱ्याच्या घरात बघितल्यात. घरफाळा, पाणीपट्टी, लाईट बिल शेवटचं भरलेलं. काही निघालं तर ऑफिसच्या दारात उभं राहून वाद नको, सह्या दोन दिवस पुढं ढकला, टोकन नव्यानं मिळतंय.

मालक म्हणतायत किल्ल्या आत्ताच घ्या, दुरुस्ती तुमची तुम्ही सुरू करा, खरेदी सावकाश करू.

घेऊ नका. एक तर ताबा घेतल्यावर घरात जे होईल ते कुणामुळं झालं ह्याचा वाद तुमच्या गळ्यात, गवंडी तुमचा, पाणी तुमचं, भेग पण तुमचीच म्हणणार. दुसरं, ताब्यासहित साठेखत असेल तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीपत्राएवढी पूर्ण स्टॅम्प ड्युटी लागते, हे लोकांना नंतर कळतं. आणि तिसरं, दुसऱ्याच्या नावावरच्या घरात तुम्ही दोन लाखाचं वॉटरप्रूफिंग केलं आणि व्यवहार मोडला, तर ते काय खरवडून घरी नेणार आहात? मला पण हेच सांगितलं होतं, वर किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून. मी तो उचलून परत त्यांच्याच हातात दिला, आणि खरेदी झाली त्या दिवशी संध्याकाळी घेतला.